थो म्हणजे काय?

वरच्या कार्यालयातून पत्र आलं तेव्हा गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासत होत्या. प्रत्येक शाळेने दैनंदिन जीवनातील एक प्रश्न निवडून, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने, विद्यार्थ्यांकडून त्याचे गणिती प्रतिमान तयार करून घ्यावे आणि सत्राअखेर भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर सादर करावे, असं पत्रात म्हटलं होतं. वर लाल शाईत 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का होता. पत्रावरची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती.

मुख्याध्यापकांनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या सरांनी, बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, मॉडेल करायचंय म्हणे. थर्माकोल किती लागेल?"

"सर, हे तसलं मॉडेल नाही. एखादी गोष्ट कशी घडते ते समीकरणात मांडायचं. म्हणजे पुढे काय होणार ते आधी सांगता येतं."

"अच्छा. मग थर्माकोल नाही लागणार?"

"नाही सर."

"पुठ्ठा तरी?"

"नाही लागणार सर."

मोठ्या सरांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी मागच्या कपाटाकडे एक नजर टाकली, तिथे बराच पुठ्ठा साठलेला होता. मग ते म्हणाले, "हे बघा, तुम्हाला थोडक्यात सांगतो," आणि बाई वर्गावर पोचल्या तेव्हा तास संपायला सात मिनिटं उरली होती.

बाईंची या शाळेतली ही दुसरीच वर्षअखेर. त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, हे मोठ्या सरांच्या अहवालावर आणि या अधिकाऱ्यांच्या भेटीवर ठरायचं होतं. त्यामुळे पत्राबरोबर आलेली मार्गदर्शिका त्यांनी दोनदा वाचली. त्यात एकच उदाहरण होतं, कपातलं गरम पाणी गार कसं होतं ते. बाईंनी वर्गात कप ठेवला, त्यात गरम पाणी ओतलं, थर्मामीटर सोडला आणि दर मिनिटाचा आकडा मुलांना टॅबवर भरायला सांगितला. शाळेत एकूण सहा टॅब होते, त्यातले चार चालू व्हायचे. बाराव्या मिनिटाला वर्गातल्या एका मुलाने हात वर केला. त्याला सगळे शंकासुर म्हणत. शिक्षकही म्हणत, फक्त त्याच्यासमोर नाही.

"बाई, पाणी गार होतं हे आम्हाला माहीत आहे."

"अरे, पण कसं गार होतं?"

"आपोआप."

बाईंनी कप उचलून खिडकीत ठेवला. "बरं. मग असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय."

वर्ग विचारात पडला. पहिल्या बाकावरची दशांश, जिला हे नाव तिच्या प्रत्येक उत्तरात दोन दशांश स्थळं असल्यामुळे मिळालं होतं, ती पेन चावू लागली. मग शंकासुराचा हात पुन्हा वर गेला.

"बाई, मोठ्या सरांचं परिपाठाचं भाषण किती वेळ चालणार, हे आधी कळू शकतं का?"

खरं तर बाईंनी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण रोज सकाळी मैदानावर त्याही उभ्या राहत होत्या. परिपाठाला दहा मिनिटं ठरलेली होती आणि त्यानंतरचा पहिला तास नववीचा गणिताचा. भाषण लांबलं की कुऱ्हाड पडायची ती याच तासावर. त्रिकोणमिती अजून सुरूसुद्धा झाली नव्हती.

"कळू शकतं," बाई म्हणाल्या. "पण आधी मोजावं लागेल."

मोजणी तीन आठवडे चालली. एक टॅब तसाही परिपाठात गाणी लावायला मैदानावर असायचा. दशांशने त्यात बोलणं ऐकून अक्षरांत उतरवणारं ॲप सुरू करून ठेवलं. ॲपचे कान फारसे तयार नव्हते. 'शिस्त' हा शब्द त्याने रोज 'शिट्टी' असा लिहिला, आणि 'विद्यार्थी मित्रांनो'च्या जागी 'विजार ती मित्रांनो' असं. तरी काम भागत होतं. भाषणाला लागलेली मिनिटं एका रकान्यात आणि ती कशामुळे लागली असावीत ते पुढच्या रकान्यांत, असा तक्ता तयार झाला.

आधी मुलांनी वार घेतला. मग ऊन, मग त्या दिवशीच्या सूचनांची संख्या, मग सरांच्या शर्टाचा रंग. प्रत्येक वेळी आलेखावर ठिपके पडायचे ते सांडलेल्या साबुदाण्यासारखे, कशाचा कशाला मेळ नाही. मुलं कंटाळली. बाईही मनातून खचल्या. शेवटी एक दिवस शंकासुर उतरवलेला मजकूर वाचत बसला असताना म्हणाला, "बाई, यात सगळे शब्द चुकलेत, पण एक शब्द कायम बरोबर येतो. 'थोडक्यात.'"

"तो मोजून बघ," बाई सहज म्हणाल्या.

त्याने मोजला. दशांशने तो रकाना भरला, आलेख काढला, आणि पंधरा दिवसांचे पंधरा ठिपके पीटीच्या सरांनी शिट्टी मारल्यावर मुलं राहावीत तसे एका रेषेत उभे राहिले. रेषेचं समीकरणही टॅबनेच दिलं. वेळ बरोबर सहा अधिक चार गुणिले थो.

"म्हणजे काय?" मागच्या बाकावरून आवाज आला.

दशांशने घसा खाकरला. "म्हणजे सर नुसते बोलले तर सहा मिनिटं. त्यानंतर ते जितक्या वेळा 'थोडक्यात' म्हणतील तितक्या वेळा चार-चार मिनिटं जास्त. चार पूर्णांक शून्य तीन, पण मी चारच धरलंय."

वर्गातली बाकं वाजू लागली. समीकरणासाठी बाकं वाजलेली बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी मुलांना शांत केलं नाही. उलट त्यांना भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता.

"हे वर्गाबाहेर जाता कामा नये," तास संपताना त्यांनी बजावलं.

मधल्या सुट्टीपर्यंत ते दहावीला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठात पहिलं 'थोडक्यात' येताच सहाशे मुलांनी मनातल्या मनात दहा म्हटलं. दुसऱ्याला चौदा. तिसऱ्याला सगळ्या मैदानाने उजव्या पायावरचा भार एकदम डाव्या पायावर घेतला, त्याचा खसकन आवाज झाला. चार दिवसांत ते शिक्षकांपर्यंत पोचलं. पीटीचे सर बाईंच्या शेजारी उभे असायचे. ओठ न हलवता ते विचारायचे, "किती झाले?"

"चार."

"म्हणजे बावीस. आठवीचा खो-खो गेला."

शिपाईमामांनी तर चहाची वेळच या हिशेबावर लावली. दुसरं 'थोडक्यात' झालं की ते चहाचं आधण ठेवायचे आणि भाषण संपून मोठे सर केबिनमध्ये पोचेपर्यंत कप टेबलावर असायचा. मोठे सर मामांवर फार खूश होते. एक दिवस ते बाईंना म्हणाले, "बाई, एक गोष्ट लक्षात आली का? आजकाल माझं बोलणं चालू असताना मुलं मधेच एकदम सावरून उभी राहतात. काहीतरी आत पोचतंय."

बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

अधिकाऱ्यांच्या भेटीला तीन दिवस उरले असताना मोठे सर न सांगता नववीच्या वर्गात आले. समोरच्या मोठ्या पडद्यावर आलेख झळकत होता. उभ्या अक्षावर लिहिलं होतं, 'मोठ्या सरांचे भाषण, मिनिटांत'. आडव्या अक्षावर नुसतं 'थो'. बाईंनी रिमोट शोधला. तो मिळाला नाही.

"माझं भाषण?" मोठे सर म्हणाले. "आणि हे थो म्हणजे काय?"

बाई काही बोलायच्या आत शंकासुर उठून उभा राहिला.

"थोर विचार, सर."

मोठे सर पडद्याकडे बघत राहिले. "माझे?"

"हो सर. एका भाषणात किती येतात ते आम्ही मोजतो. जितके जास्त, तितका जास्त वेळ लागतो."

मोठे सर मागच्या रिकाम्या बाकावर बसले. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि परत काढला.

"एकतीस वर्षं बोलतोय," ते म्हणाले. "कुणी मोजतंय असं कधी वाटलं नव्हतं."

त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही. संध्याकाळी त्या सगळं सांगून टाकायचं ठरवून केबिनशी गेल्या, तर आतून मोठ्या सरांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ते घरी बायकोला सांगत होते, "अगं, साक्षात आलेख काढलाय! सरळ रेषेत चढत जातो!" बाई दारातूनच मागे फिरल्या.

भेटीच्या दिवशी सभागृहात नववीचा वर्ग, सगळे शिक्षक आणि पहिल्या रांगेत अधिकारी साहेब बसले. साहेब बारीक अंगाचे, कमी बोलणारे होते. त्यांच्या मांडीवर डायरी होती आणि त्या दिवशी त्यांना आणखी दोन शाळा करायच्या होत्या. दशांशने सादरीकरण केलं, थो म्हणजे थोर विचार असंच सांगितलं, एकदाही अडखळली नाही. साहेबांनी मान हलवली.

"चांगलं आहे. पण मॉडेलची पडताळणी केलीत का? ज्या आकड्यांवरून बनवलं, त्यांच्यावर ते चालणारच. नवीन भाषणावर चालतं का?"

प्रश्न अगदी रास्त होता. बाईंना तो अपेक्षित होता आणि त्यांनी उत्तरही पाठ केलं होतं. पण त्याआधी मोठे सर उठले.

"साहेब, मी आत्ता बोलतो. आत्ताच पडताळणी करू."

"सर, साहेबांना पुढे जायचं असेल..." बाई घाईने म्हणाल्या.

"अहो, मी थोडक्यातच बोलणार आहे."

टिंग, असा आवाज झाला. शंकासुराने टॅब पडद्याला जोडून ठेवला होता. ॲप बोलणं ऐकून अक्षरांत उतरवत होतं, ठरलेला शब्द आला की तो पिवळा होत होता आणि कोपऱ्यातला आकडा एकाने वाढत होता. टिंग हा आवाज त्याने सादरीकरणाची शोभा वाढावी म्हणून आदल्याच दिवशी घातला होता. कोपऱ्यात एक उमटला. त्याखाली आपोआप आलं, 'अंदाजे वेळ : १० मिनिटे'.

मोठे सर पडद्याकडे पाठ करून उभे होते. त्यांना फक्त टिंग ऐकू आलं आणि आपण नुसते उभे राहिलो तरी यंत्राने दाद दिली, याचं त्यांना कौतुक वाटलं. ते खुलले. शिस्तीवर बोलले. वेळेच्या महत्त्वावर बोलले. थोडक्यात सांगायचं झालं तर वेळ हाच गुरू, असं म्हणाले. टिंग. मग गुरूंवर बोलले. तिसऱ्या टिंगनंतर त्यांच्या लक्षात आलं, की विचाराचं सार काढलं की यंत्र ओळखतं. तेव्हा ते मुद्दाम थांबून, एकेक अक्षर सुटं करून सार काढू लागले. पीटीच्या सरांनी रुमाल तोंडाशी धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. बाई हातातल्या घड्याळाकडे बघत बसल्या. नोकरीची शेवटची मिनिटं मोजावीत तसं त्या बघत होत्या.

साहेबांनी चौथ्या टिंगला डायरीतून मान वर काढली. पडद्यावर मजकूर सरकत होता, 'विजार ती मित्रांनो शिट्टी हाच जीवनाचा पाया आहे', आणि मधे मधे तो एक शब्द पिवळाधमक चमकत होता. साहेबांनी पडदा वाचला. मोठ्या सरांकडे पाहिलं. परत पडदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी डायरी मिटली आणि मांडी बदलून नीट बसले.

सातव्या टिंगला पडद्यावर चौतीस मिनिटं आली. चौतीस मिनिटं आणि वीस सेकंदांनी मोठे सर "एवढं बोलून मी थांबतो" असं म्हणाले. अख्खा वर्ग उभा राहून टाळ्या पिटू लागला. दशांशच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठ्या सरांनी हात जोडले.

जाताना साहेब बाईंच्या जवळ थांबले.

"थोर विचार म्हणे."

"हो साहेब," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"हं. आमच्या कार्यालयात एक जण आहेत. त्यांचं 'एकच मिनिट' असतं." त्यांनी शेऱ्याच्या वहीत 'अत्युत्तम, अनुकरणीय' असं लिहून सही केली. "ते ॲप कुठलं, तेवढं त्या मुलाला मला कळवायला सांगा."

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तिथे तो फार वेळ राहिला नाही. साहेबांना गाडीपर्यंत पोचवून मोठे सर सभागृहात चष्म्याचं घर घ्यायला परत आले होते आणि आता पहिल्यांदाच त्यांचं तोंड पडद्याकडे होतं. सगळं भाषण तिथे होतं. सात जागी पिवळं.

अर्ध्या तासाने बाईंना केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती.

"बाई, खरं सांगा. थो म्हणजे काय?"

"थोडक्यात, सर."

"थोडक्यात नको. सविस्तर सांगा."

"नाही सर. थो म्हणजे 'थोडक्यात'. तो शब्द."

बाईंनी मग सगळंच सांगितलं, गार झालेल्या पाण्यापासून. मुलांचा दोष नाही, आपण अडवायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या. मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते फक्त थकलेले दिसत होते.

"म्हणजे मी तो शब्द म्हटलाच नाही, तर सहा मिनिटं?"

"मॉडेल तसं म्हणतं, सर."

"ठीक आहे. या तुम्ही."

सोमवारी परिपाठाला सहाशे मुलं आधीच सावरून उभी होती. बातमी सगळ्यांना होती. आज शब्द येणार नाही, आज सहा मिनिटं. बाईंनी पहिल्या तासाला चाचणीचे कागद काढून ठेवले होते. शिपाईमामांनी परिपाठ सुरू व्हायच्या आधीच चहाचं आधण ठेवलं.

मोठे सर बोलू लागले. बोलता बोलता एका ठिकाणी त्यांची जीभ अडखळली. 'थो'साठी ओठ उघडले, पण त्यांनी निग्रहाने ते मिटले आणि ते तसेच पुढे निघाले. मुलांना त्यांचं कौतुक वाटलं. सहा मिनिटं झाली. दहा झाली. शिस्तीतून ते वेळेत गेले, वेळेतून आरोग्यात, आरोग्यातून दातांच्या निगेत, तिथून आपल्या बालपणात, आणि बालपण काही केल्या संपेना. विसाव्या मिनिटाला पीटीचे सर कुजबुजले, "किती झाले?"

"शून्य," बाई म्हणाल्या.

मामांचा चहा तीनदा उकळून आटला. भाषण एक्कावन्न मिनिटं चाललं. पहिला तास तर गेलाच, दुसऱ्यातलाही काही गेला.

दुसऱ्या तासाचा उरलेला वेळ बाईंनी मागून घेतला आणि नववीने नवा ठिपका टाकला. पंधरा ठिपके पूर्वीसारखे रेषेत होते. हा सोळावा डावीकडे पार वर, थेट पडद्याच्या कडेशी लटकत होता.

"आपलं चुकलं कुठे?" दशांशने विचारलं. तिने आकडे चार वेळा तपासले होते.

शंकासुर ठिपक्याकडे बघत होता. "बाई, सर तो शब्द म्हणायचे म्हणून भाषण लांबत नव्हतं. भाषण लांबत चाललंय असं त्यांना वाटायचं, तेव्हा ते तो शब्द म्हणायचे. तो ब्रेक होता. आपण त्याला ॲक्सिलरेटर समजलो."

"आणि आपणच तो काढून टाकला," दशांश म्हणाली.

दोन गोष्टी बरोबर घडतात म्हणून एक दुसरीमुळे घडतेच असं नाही, हे मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं होतं. आता ते त्यांना समजलं.

मधल्या सुट्टीत त्या केबिनकडे निघाल्या. स्टाफरूममधल्या सगळ्यांनी मिळून त्यांना पाठवलं होतं. विषय कसा काढायचा हे त्यांनी वाटेत तीन प्रकारांनी घोळवून पाहिलं. सर, तुम्ही पूर्वीसारखंच बोला. सर, तो शब्द फार छान होता. सर, मुलांना चुकल्यासारखं वाटतं.

मोठे सर खिडकीशी उभे होते. चेहरा दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा दिसत होता.

"या या, बाई! मीच बोलावणार होतो. शुक्रवारी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण आज तो शब्द गिळला आणि काय सांगू! एकतीस वर्षं मी स्वतःला आवरत आलो हो. विषय रंगात आला की आपलं आवरतं घ्या, आवरतं घ्या. कुणासाठी? कशासाठी? तुमच्या मुलांनी मला मोकळं केलं." त्यांनी टेबलावरचा कागद उचलून बाईंच्या हातात दिला. तो अहवाल होता. 'सेवेत कायम करण्यास पूर्ण शिफारस' या ओळीखाली त्यांची सही होती, शाई अजून ओली. "तुमचं काही काम होतं का? बोला ना, निवांत बोला."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. मग मोठ्या सरांकडे.

"काही नाही सर," त्या म्हणाल्या. "आभार मानायला आले होते."

मंगळवारी सकाळी बाई मऊ तळव्यांच्या चपला घालून मैदानावर आल्या. पीटीचे सर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं, मग वर चढत्या उन्हाकडे पाहिलं, आणि आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्यांना दिली.